न सोडलेल्या धुराचे पैसे कोण देतं? आशियातला कार्बन बाजार समजून घेऊया

दिल्ली मेट्रोने २०२१ मध्ये एक माहिती जाहीर केली. २०१२ ते २०१८ या काळात जमा झालेली ३५.५ लाख कार्बन क्रेडिट विकून मेट्रोला १९.५ कोटी रुपये मिळाले होते. बातमी सगळीकडे कौतुकाने फिरली. आता साधा भागाकार करून बघा. एका क्रेडिटमागे पदरात पडले जेमतेम ५५ रुपये. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून वाचवल्याची पावती. त्याच २०२१ मध्ये युरोपात एक टन कार्बन सोडण्याच्या परवान्याचा भाव ५० युरोंच्या पुढे गेला होता, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर.

टन तोच, हवा तीच, मग एकीकडे ५५ रुपये आणि दुसरीकडे चार हजार, असं का? या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की कार्बन बाजार कसा चालतो, त्यात आशियाने गेली वीस वर्षं काय विकलं आणि भारत आता स्वतःचा बाजार का उभा करतोय, हे बऱ्यापैकी कळतं. शेवटी तुमच्या गावात 'झाडं लावा, कार्बन क्रेडिट कमवा' असं सांगत फिरणाऱ्या माणसाला काय विचारायचं, तेही.

परवाना वेगळा, क्रेडिट वेगळं

कार्बन बाजार या एकाच नावाखाली दोन निरनिराळे व्यवहार चालतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला व्यवहार परवान्यांचा. सरकार ठरवतं की अमुक उद्योगांनी मिळून वर्षाला इतकाच कार्बन सोडायचा. तेवढेच परवाने काढले जातात, काही फुकट, काही लिलावाने. ज्या कारखान्याने कमी सोडला त्याच्याकडे परवाने उरतात, ज्याने जास्त सोडला त्याला ते विकत घ्यावे लागतात. नाही घेतले तर दंड. युरोपात २००५ पासून हे चालू आहे. इथे भाव टिकतो, कारण खरेदी कुणाच्या मर्जीवर सोडलेली नसते.

दुसरा व्यवहार क्रेडिटचा. कुणीतरी पवनचक्की उभारली, जंगल राखलं किंवा गावातल्या चुली बदलल्या. त्यामुळे जो कार्बन हवेत जाणार होता तो गेला नाही, असा त्याचा दावा. एखादी संस्था हा दावा तपासून प्रमाणपत्र देते. ते प्रमाणपत्र दुसरीच एखादी कंपनी विकत घेते आणि 'आमच्या धुराची भरपाई झाली' असं जाहीर करते.

परवान्याच्या व्यवहारात मोजायचं काय, तर कारखान्यातून प्रत्यक्ष किती कार्बन बाहेर पडला. क्रेडिटच्या व्यवहारात मात्र एक कल्पनेतला आकडा लागतो: हा प्रकल्प नसता तर किती कार्बन गेला असता? या आकड्याला बेसलाइन म्हणतात. घोडं पेंड खातं ते इथे. बेसलाइन जितकी फुगवाल तितकी क्रेडिट जास्त मिळतात. विकणाऱ्याला जास्त माल मिळतो, घेणाऱ्याला तो स्वस्तात मिळतो, आणि तपासणाऱ्याची फी बहुतेक वेळा विकणाराच देतो. हवेच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत कुणीच नसतं.

म्हणून कुठल्याही क्रेडिटला एकच प्रश्न विचारायचा असतो. हे पैसे मिळाले नसते तरी हे काम झालंच असतं का? उत्तर 'हो' असेल, तर ते क्रेडिट म्हणजे कागदाचा तुकडा.

गुजरातचा कारखाना आणि ११,७०० चा गुणाकार

क्योटो करार १९९७ मध्ये झाला आणि २००५ पासून लागू झाला. त्यात उत्सर्जन कमी करण्याचं बंधन श्रीमंत देशांवर होतं, भारत-चीनवर नव्हतं. पण श्रीमंत देशांना एक पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा, देण्यात आली. स्वतःच्या देशात धूर कमी करणं महाग पडत असेल, तर गरीब देशातल्या प्रकल्पातून क्रेडिट विकत घ्या. या योजनेचं नाव सीडीएम, म्हणजे क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम.

सीडीएमच्या नोंदवहीत क्रमांक १ लागतो तो गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यातल्या रणजितनगरच्या एका कारखान्याचा. तिथे फ्रिज आणि एसीसाठी लागणारा एक वायू बनायचा. तो बनताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू आपोआप तयार होतो. करारातल्या हिशेबाप्रमाणे हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट तापवणारा. म्हणजे एक टन एचएफसी-२३ जाळून टाकला की ११,७०० क्रेडिट हातात. क्रेडिटला १० युरो भाव धरला तर एका टनामागे १ लाख १७ हजार युरो. आणि जाळायचा खर्च एका क्रेडिटमागे एक युरोसुद्धा नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. मूळ मालापेक्षा त्याचा कचरा जास्त किमती झाला. असे कारखाने चीनमध्ये सर्वाधिक आणि त्याखालोखाल भारतात होते. काही कारखाने क्रेडिट मिळवण्यासाठीच जास्त कचरा वायू तयार करतात, असा आरोप युरोपातल्या स्वयंसेवी गटांनी २०१० मध्ये आकडे मांडून केला. शेवटी युरोपीय संघाने मे २०१३ पासून या वायूची क्रेडिट आपल्या बाजारात बंद केली. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने आपल्या उत्पादकांना आदेश दिला की हा वायू स्वतःच्या खर्चाने जाळा. ज्या कामासाठी जगाने कोट्यवधी युरो मोजले, ते काम एका सरकारी आदेशाने होऊ शकत होतं. सीडीएमवरची यापेक्षा बोचरी टीका मला तरी माहीत नाही.

पवनचक्क्यांचं काय? महाराष्ट्रात सातारा आणि धुळ्याच्या डोंगरांवर दिसणाऱ्या चक्क्यांपैकी अनेक सीडीएममध्ये नोंदलेल्या होत्या. पवनऊर्जा चांगलीच, त्यात वाद नाही. प्रश्न इतकाच की क्रेडिटच्या पैशाशिवाय त्या उभ्या राहिल्या नसत्या का? भारतात तेव्हा पवनचक्की लावणाऱ्या कंपनीला घसाऱ्यावर घसघशीत करसवलत मिळायची, शिवाय वीज ठरलेल्या दराने विकली जायची. भारतातल्या सीडीएम पवन प्रकल्पांचा अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना मिळाली, जे तसेही उभे राहिलेच असते. अशा प्रत्येक क्रेडिटच्या जोरावर युरोपात कुणीतरी एक टन जास्त धूर सोडला. म्हणजे हिशेबात शून्य, हवेत मात्र भर.

२००८ मध्ये सीडीएम क्रेडिटचा भाव २० युरोंच्या आसपास होता. मग युरोपात मंदी आली, कारखाने थंडावले, मागणी घटली आणि बाजारात क्रेडिटचा पूर आला. २०१२ संपताना भाव एक युरोच्याही खाली होता. त्यानंतरच्या नव्या प्रकल्पांची क्रेडिट घेताना युरोपने फक्त अतिगरीब देशांना दार उघडं ठेवलं. दिल्ली मेट्रोच्या ५५ रुपयांचं रहस्य हेच. ब्रेक लावताना वीज परत मिळवण्याचं तिचं तंत्र उत्तमच होतं, पण माल बाजारात येईपर्यंत तो घ्यायची सक्ती असलेलं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

या घसरणीचा एक फटका फारसा चर्चेत आला नाही. सीडीएमच्या क्रेडिटमधून २ टक्के हिस्सा 'अ‍ॅडॅप्टेशन फंड' या आंतरराष्ट्रीय निधीला जायचा. दुष्काळ, पूर, समुद्राची चढती पातळी यांना तोंड देणाऱ्या गरीब देशांतल्या लोकांसाठी हा निधी. भारतात तो नाबार्डमार्फत येतो. क्रेडिटचा भाव कोसळला तसा या निधीचा मुख्य झराही आटला आणि त्याला पुन्हा श्रीमंत देशांच्या देणग्यांकडे डोळे लावून बसावं लागलं.

चीनने स्वतःचाच बाजार काढला

सीडीएममध्ये सगळ्यात जास्त क्रेडिट विकणारा देश चीन होता. बाहेरचं गिऱ्हाईक गेल्यावर त्याने घरातच बाजार मांडला. २०१३ पासून शेन्झेनसारख्या शहरांत प्रयोग केले आणि १६ जुलै २०२१ रोजी राष्ट्रीय बाजार सुरू केला. पहिल्याच टप्प्यात दोन हजारांहून अधिक वीज कंपन्या आणि वर्षाला सुमारे ४५० कोटी टन कार्बन त्याच्या कक्षेत आला. कार्बनच्या हिशेबाने तो त्याच दिवशी जगातला सर्वांत मोठा बाजार ठरला, युरोपपेक्षाही मोठा. २०२५ मध्ये पोलाद, सिमेंट आणि अ‍ॅल्युमिनियम हे उद्योगही त्यात ओढले गेले. आता चीनच्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी ६० टक्क्यांहून जास्त भाग या बाजारात मोजला जातो.

पण एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. युरोपात एकूण कार्बनवर मर्यादा असते. चीनने मर्यादा घातली ती एका युनिट विजेमागे किती कार्बन, यावर. याला तीव्रतेची मर्यादा म्हणतात. कारखान्याने जास्त वीज बनवली तर त्याला परवानेही जास्त मिळतात. त्यामुळे प्रत्येक युनिट थोडं स्वच्छ होत असतानाही एकूण धूर वाढू शकतो. पूर्ण मर्यादेकडे जाण्याचं चीनने आता जाहीर केलंय, पण टप्प्याटप्प्याने.

भाव पहिल्या दिवशी टनाला ४८ युआनवर उघडला, २०२४ मध्ये १०० युआनच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा घसरला.

सुरुवातीला फसवाफसवीही झाली. कोळशात कार्बनचं प्रमाण किती हे ज्या कंपनीने तपासलं नाही, तिच्या माथी सरकार एक चढा आकडा मारायचं. त्यापेक्षा प्रयोगशाळेचा अहवाल आणणं स्वस्त. आणि अहवाल आपल्याला हवा तसा आणणं त्याहून स्वस्त! मार्च २०२२ मध्ये चीनच्या पर्यावरण मंत्रालयाने चार सल्लागार संस्थांची नावं उघड केली. कोळशाचे खोटे नमुने बनवणं, अहवालांत फेरफार करणं असे प्रकार त्यांत होते. चीनसारख्या करड्या सरकारच्या नाकाखाली हे घडलं, हे आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी विसरू नये.

आशियातल्या इतरांबद्दल थोडक्यात. दक्षिण कोरियाने २०१५ मध्येच देशव्यापी परवाना बाजार सुरू केला. पण परवाने इतक्या सढळ हाताने वाटले गेले, की २०२० मध्ये ४० हजार वॉनच्या घरात गेलेला भाव २०२३ मध्ये १० हजारांच्या खाली आला. जपानने बराच काळ सगळं ऐच्छिक ठेवलं. आता एप्रिल २०२६ पासून वर्षाला एक लाख टनांपेक्षा जास्त कार्बन सोडणाऱ्या कंपन्यांना सक्ती लागू करण्याचं त्याने ठरवलंय. इंडोनेशियाने सप्टेंबर २०२३ मध्ये जकार्तात कार्बन एक्स्चेंज उघडलं. सिंगापूरने बाजाराच्या भानगडीत न पडता सरळ कर लावला. २०१९ मध्ये टनाला ५ सिंगापूर डॉलर असलेला हा कर २०२४ मध्ये २५ झाला आणि २०२६ साठी ४५ ठरला. करपात्र धुरापैकी ५ टक्क्यांपर्यंतचा भाग तिथल्या कंपन्या परदेशी क्रेडिट घेऊन भागवू शकतात. हा वाटा लहान दिसला तरी आशियातल्या क्रेडिट विक्रेत्यांसाठी ते एक खात्रीचं गिऱ्हाईक आहे.

भारताचा बाजार: कुणाला बंधन, कुणाला नाही

भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम अधिसूचित केली. यात ठरावीक कारखान्यांना लक्ष्य दिलं जातं: २०२३-२४ मध्ये एक टन माल बनवताना तुम्ही इतका कार्बन सोडत होता, तो २०२५-२६ मध्ये इतका आणि २०२६-२७ मध्ये इतका खाली आणा. चीनसारखंच, तीव्रतेचं लक्ष्य.

समजण्यासाठी एक मनाने घेतलेलं उदाहरण. एका सिमेंट कारखान्याला लक्ष्य आहे एका टन सिमेंटमागे ०.६० टन कार्बन. त्याने ०.५८ वर आणून दाखवलं आणि वर्षात दहा लाख टन सिमेंट बनवलं. म्हणजे त्याला २० हजार प्रमाणपत्रं मिळाली. शेजारच्या कारखान्याला लक्ष्य जमलं नाही, तर तो ही प्रमाणपत्रं विकत घेणार. नाही घेतली तर प्रमाणपत्राच्या सरासरी भावाच्या दुप्पट रक्कम पर्यावरण भरपाई म्हणून भरावी लागणार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांची लक्ष्यं निश्चित झाली. एकूण नऊ क्षेत्रं यात आणण्याची योजना आहे. त्यात पोलाद, खत, रिफायनरी, पेट्रोकेमिकल आणि कापड उद्योगही येतात. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई याचा कारभार बघणार, नोंदवही ग्रिड-इंडियाकडे, आणि खरेदी-विक्रीवर केंद्रीय वीज नियामक आयोगाची देखरेख.

या यादीत एक नाव नाही, ते पाहिलंत का? औष्णिक वीज. देशात सर्वांत जास्त कार्बन सोडणारं क्षेत्रच तूर्त बाहेर आहे. चीनने सुरुवात नेमकी तिथून केली होती. विजेचे दर वाढतील ही सरकारची भीती खरी आहे, आणि आधीच कर्जात रुतलेल्या वीज वितरण कंपन्यांकडे पाहिलं तर समजण्यासारखीही. पण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दाराबाहेर उभं असेल, तर आतल्या मालाला भाव कितपत चढणार?

घाई कसली होती? सीबॅमची

भारताला हा बाजार आत्ताच का हवा होता, याचं मोठं कारण ब्रसेल्समध्ये आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून सीबॅम नावाचा सीमाकर पूर्णपणे लागू केला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर, तो माल बनवताना गेलेल्या कार्बनच्या हिशेबाने पैसे भरायचे. भाव युरोपातल्या परवान्यांचा. भारताच्या दृष्टीने यातला सगळ्यात मोठा भाग पोलादाचा. लोखंडी नट-बोल्ट आणि स्क्रूसुद्धा यादीत आहेत. त्यामुळे ही गोष्ट फक्त बड्या पोलाद कंपन्यांपुरती राहत नाही, युरोपला सुटे भाग पाठवणाऱ्या पुण्यातल्या लघुउद्योजकालाही आपल्या मालात किती कार्बन आहे हे कळवावं लागतं. वर्षाला एकूण ५० टनांपेक्षा कमी असा माल मागवणाऱ्या युरोपीय आयातदाराला यातून सूट आहे.

सीबॅममध्ये एक कलम असं आहे की मालावर मूळ देशातच कार्बनची किंमत भरली असेल, तर तेवढी वजावट मिळते. मग पैसे ब्रसेल्सला देण्यापेक्षा घरातच का राहू नयेत, हा भारताचा आणि चीनचाही हिशेब. पण घरातला भाव युरोपच्या भावापेक्षा फारच कमी असेल, तर उरलेला फरक भरावाच लागतो. आणि आपल्या पद्धतीत कारखाना पैसे मोजतो ते फक्त लक्ष्यापेक्षा जास्त झालेल्या कार्बनसाठी, सगळ्या कार्बनसाठी नाही. त्यामुळे वजावट जितकी मोठी असेल असं काही जण गृहीत धरतात, तितकी ती निघणं अवघड दिसतं.

बँकॉकच्या बस, कंबोडियाचं जंगल, चीनची भातशेती

सीडीएम मागे पडलं, पण देशादेशांतला क्रेडिटचा व्यापार संपला नाही. २०१५ च्या पॅरिस करारातल्या कलम ६ ने त्याला नवं रूप दिलं आणि त्याचे उरलेले नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू परिषदेत ठरले. आता भारतासह सगळ्या देशांनी स्वतःची लक्ष्यं जाहीर केलेली आहेत. म्हणून नवा नियम असा: एका देशाने टन विकला की तो स्वतःच्या हिशेबातून वजा करायचा. नाहीतर तोच टन दोघांच्या वहीत जमा होईल.

या पद्धतीचा जगातला पहिला व्यवहार आशियातच झाला आणि २०२४ च्या सुरुवातीला तो जाहीर झाला. बँकॉकमध्ये एका खासगी कंपनीने विजेवरच्या बस रस्त्यावर आणल्या आणि त्यातून वाचलेले १,९१६ टन स्वित्झर्लंडने विकत घेतले. पैसा आला तो तिथल्या पेट्रोल-डिझेल आयातदारांकडून. लगेच स्विस संस्थांनीच आपला जुना प्रश्न विचारला: या बस तशाही आल्या नसत्या का?

विकणाऱ्या देशासाठी यात आणखी एक धोका आहे. स्वस्तात होणारी कामं आधी विकून टाकली, तर स्वतःचं लक्ष्य गाठायला महागडीच कामं उरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने जपानशी असाच क्रेडिट करार केला. त्यात कोणते प्रकल्प घ्यायचे हे ठरवताना हा विचार व्हायला हवा.

खासगी, ऐच्छिक बाजारात परिस्थिती आणखी सैल आहे. कंबोडियातल्या दक्षिण कार्डमम पर्वतरांगांतलं सुमारे पाच लाख हेक्टर जंगल वाचवण्याचा एक प्रकल्प आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अहवाल दिला की प्रकल्पाचं काम २०१५ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या चोंग आदिवासींना विचारायला सुरुवात झाली ३१ महिन्यांनी. मधल्या काळात त्यांची पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन प्रकल्पात गेली होती, आणि शेती केली किंवा जंगलातून डिंक-राळ गोळा केली म्हणून काही जणांना अटक झाली होती. प्रमाणपत्र देणाऱ्या व्हेरा या अमेरिकी संस्थेने जून २०२३ मध्ये या प्रकल्पाची क्रेडिट थांबवली होती, ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू केली.

याच व्हेराने ऑगस्ट २०२४ मध्ये चीनमधले भातशेतीचे तब्बल ३७ प्रकल्प रद्द केले. भातखाचरात सतत पाणी साचलं की मिथेन सुटतो. पाणी अधूनमधून काढलं की तो कमी होतो, हे विज्ञान पक्कं आहे. पण या प्रकल्पांत नियम पाळल्याचं सिद्धच करता आलं नाही. चुलींच्या क्रेडिटचीही तीच गत. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये जगभरचे चूल प्रकल्प तपासले, तेव्हा प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट वाटली गेल्याचं त्यांना दिसलं. नवी चूल दिली की जुनी बंदच झाली असं कागदावर धरलं होतं. गावाकडे ज्यांनी गॅस आणि चूल शेजारी-शेजारी पाहिलीय, त्यांना यात नवल वाटणार नाही.

क्लायमेट फायनान्स: मदत, कर्ज की खरेदी?

आता पैशाची दुसरी वाट. श्रीमंत देशांनी २०० वर्षं कोळसा जाळून प्रगती केली, तेव्हा तापमानवाढीशी लढायला त्यांनी गरीब देशांना पैसे द्यावेत, हे जागतिक करारांत मान्य झालंय. २००९ मध्ये कोपनहेगनला ठरलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्याच आकड्यांप्रमाणे हे वचन दोन वर्षं उशिरा, २०२२ मध्ये पुरं झालं. आणि त्यातल्या सरकारी पैशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्ज होता.

२०२२ च्या पुराने पाकिस्तानचं ३० अब्ज डॉलरचं नुकसान झालं. जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हात जगाने नऊ अब्जांहून जास्त रकमेचं आश्वासन दिलं, तेही बहुतांश कर्ज. जागतिक उत्सर्जनात पाकिस्तानचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. ज्याचं घर बुडालं त्यालाच हप्ते लावून देण्याला मदत कसं म्हणायचं? इंडोनेशियाला कोळशातून बाहेर पडण्यासाठी २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर आणि व्हिएतनामला १५.५ अब्ज डॉलर कबूल झाले. त्यात अनुदान अगदी थोडं होतं, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने अंगच काढून घेतलं.

२०२४ मध्ये बाकूला नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. विकसनशील देशांची गरज १.३ लाख कोटी डॉलरची होती. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभेत या कराराला दृष्टिभ्रम म्हटलं.

इथे कार्बन क्रेडिट पुन्हा येतं. सरकारी तिजोरीतून पैसे निघत नाहीत म्हटल्यावर 'कार्बन बाजारातून गरीब देशांकडे पैसा वाहील' असं सांगितलं जातं. पैसा येईलही. पण क्रेडिट विकत घेणारा त्या बदल्यात धूर सोडण्याची मुभा घेऊन जातो. ती खरेदी आहे, मदत नव्हे. ती देणगीच्या किंवा कर्तव्याच्या खात्यात मांडली तर एकच रुपया दोनदा मोजला जातो.

तुमच्या गावात कुणी आलं तर

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बांबू, फळबाग, नांगरट न करता पेरणी, भातातलं पाणी व्यवस्थापन अशा नावांनी शेतकऱ्यांशी कार्बनचे करार होताना दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'एकरी अमुक हजार' असे आकडे फिरतात. सगळं खोटं आहे असं नाही. पण हरियाणा आणि मध्य प्रदेशातल्या अशा सात प्रकल्पांचा अभ्यास झाला, तेव्हा सहभागी शेतकऱ्यांपैकी ९९ टक्के जणांना क्रेडिटचा पैसा तोवर मिळालेलाच नव्हता, आणि चारातल्या एकाहून जास्त जणांनी दुसऱ्याच वर्षी ती पद्धत सोडून दिली होती. गणित साधं आहे. एका एकरातून वर्षाला बहुधा एक-दोन क्रेडिट निघतात. त्यातून मोजणी, तपासणी, नोंदणी आणि कंपनीचा हिस्सा वजा होतो. उरतो तो भाग, तोही दोन-तीन वर्षांनी.

म्हणून सही करण्याआधी विचारा: प्रकल्प कोणत्या नोंदवहीत आहे आणि त्याचा क्रमांक काय? या नोंदवह्या इंटरनेटवर उघड असतात, क्रमांक टाकून कुणालाही बघता येतं. पैसे भावाच्या टक्केवारीने मिळणार की ठरावीक रक्कम? भाव पडला तर नुकसान कुणाचं? पहिला हप्ता कधी? बांधावरची झाडं दहा वर्षांपूर्वीच लावलेली असतील तर त्यांना बहुधा काही मिळणार नाही, कारण ती तशीही होतीच. तोच जुना प्रश्न.

सरकारची 'ग्रीन क्रेडिट' योजना ऑक्टोबर २०२३ ची आहे आणि ती वेगळी आहे. ओसाड वनजमिनीवर झाडं लावण्यासारख्या कामांचे ते गुण आहेत, कार्बनचे टन नव्हेत. दोन्हींची नावं सारखी वाटतात म्हणून फॉरवर्डमध्ये त्यांची खिचडी होते, आणि कधीकधी ती मुद्दामही केली जाते.

शेवटचा मुद्दा कराराच्या मुदतीचा. झाडांच्या प्रकल्पांत ती २०, ३०, कधी ४० वर्षांची असते. मधे भावाभावांत वाटण्या झाल्या, जमीन विकावी लागली किंवा विहिरीला पाणी लागलं म्हणून ऊस लावावासा वाटला, तर काय होणार, हे करारात मराठीत लिहून मागा. कार्बनचा हक्क एकदा सहीने दिला की तो सातबाऱ्यावर दिसत नाही, पण करारात असतो.